यवतमाळात समुद्र कुठून आला?

यवतमाळ जिल्ह्याला बरेच काही मिळाले. कापूस मिळाला, वणीकडे कोळसा मिळाला, पांढरकवडा-झरीकडच्या विहिरींना फ्लोराईड मिळाले. समुद्र तेवढा मिळाला नाही. पश्चिमेचा घ्या की पूर्वेचा, दोन्ही पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. तरीही २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्या भाच्याला एका मोठ्या मोटारसायकल कंपनीकडून इंग्रजीत उत्तर आले, त्याचा मतितार्थ असा, की आपल्या गाडीवरचा गंज हा खारी हवा, रसायने अथवा अयोग्य निगा अशा बाह्य कारणांनी आलेला असून तो वॉरंटीत बसत नाही. भाच्याने कागद माझ्यासमोर टाकला आणि विचारले, "मामा, कळंब रोडवर खारी हवा कुठून येऊन राह्यली?"

प्रश्न हसण्यासारखा होता, पण हसू आले नाही. गाडी रस्त्यावरची किंमत धरून दोन लाख पस्तीस हजारांची. चाळीस हजार बहिणीने बचत गटातून उचलले, बाकी कर्ज. हप्ता पाच हजार दोनशेचा, चार वर्षे. भाचा वीज कंपनीत कंत्राटी लाइनमन. यवतमाळहून कळंबकडे जाणे-येणे रोजचे पन्नासेक किलोमीटर, पाऊस असो की ऊन असो. त्याच्या बापाने आयुष्यभर सायकल चालवली, तीही सेकंडहँड. पोराने २०२२ च्या मार्चच्या शेवटी नागपूरच्या शोरूममधून ही गाडी आणली आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वस्तीतल्या पोरांनी तिच्यासोबत फोटो काढले. लोक दोन्ही बाजूंनी बोलले. बाहेरचे म्हणाले, कर्ज काढून मिरवतात. घरचे म्हणाले, शंभर सीसीची घेतली असती तर काय बिघडले असते? मला या दोन्ही बोलण्यांचा कंटाळा आहे. ज्याच्या घामाचा पैसा आहे त्याने कोणती गाडी घ्यावी हे त्याचे तो ठरवील. आपण एवढेच पाहायचे, की ज्या वस्तूचे पैसे घेतले ती वस्तू दिली की नाही.

दुसरा पावसाळा संपता संपता गाडीने रंग दाखवला. रिमवर आणि तारांवर तांबूस ठिपके, सायलेन्सरच्या बेंड पाईपवर बारीक खड्डे, चिमट्याच्या वेल्डिंगच्या जोडावर रंगाची पापडी सुटलेली, टाकीच्या खालच्या शिवणीला फोड आलेले. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे डाग पडले होते आणि महिनाभरात त्याच जागेवरून ऑइल गळू लागले. गाडी तेव्हा एकवीस हजार किलोमीटर चालली होती. वॉरंटी तीन वर्षांची किंवा तीस हजार किलोमीटरची. म्हणजे मुदत शिल्लक होती.

इथे थोडे थांबून गंजाबद्दल बोलले पाहिजे. कंपनी 'गंज' हा एकच शब्द वापरून सगळे गोळा करते आणि एका वाक्यात नाकारते. सगळा गंज एका जातीचा नसतो (जात हा शब्द इथे तरी बिनधास्त वापरता येतो!). लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की ते गंजणारच, मीठ मिळाले तर लवकर गंजणार. म्हणून त्याच्यावर थर चढवतात. बाहेर चमकणारा क्रोमचा थर हा शोभेचा असतो. तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढाही नाही, आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खरे रक्षण करतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर. निकेल पुरेसे दिले तर गाडी दहा पावसाळे काढते, निकेलमध्ये काटकसर केली तर दोन पावसाळ्यांत ठिपके. गिऱ्हाइकाला शोरूमच्या दिव्यात दोन्ही सारखेच चमकताना दिसतात.

शॉकअपच्या नळीवरचे क्रोम मात्र शोभेचे नाही. तो जाड, कडक थर असतो, कारण ती नळी रबराच्या सीलमधून दिवसातून हजारो वेळा वर-खाली सरकते. तिच्यावर खड्डा पडला की तो खड्डा कानशीसारखा सीलला घासतो, सील फाटते, ऑइल गळते आणि पुढच्या चाकाच्या ब्रेकपर्यंत पोचू शकते. हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो. चिमट्याचेही तसेच. वेल्डिंग झाल्यावर जोड नीट साफ करून, त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करून मग पावडरचा रंग भाजायचा असतो. कोपऱ्यात आणि खाचेत पावडर नीट बसत नाही हे रंगकाम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तिथे घाई केली तर पापडी नेमकी जोडावरच सुटते, सपाट भागावर नाही. भाच्याच्या गाडीवर पापडी कुठे होती? फक्त जोडावर. वॉशिंग पावडरने रंग गेला असता तर तो सगळीकडून गेला असता.

आता आपल्या पोराचीही चूक सांगतो. ती लपवली तर समोरचा वकील ती शोधून काढतोच. भाचा गाडी दर रविवारी कपड्यांच्या पावडरने धुवायचा. त्या पावडरीत सोडा आणि क्षार असतात, ते खाचांत राहतात. आणि प्रेमापोटी रोज रात्री ओल्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकायचा. त्याला वाटे गाडी झाकली, सुरक्षित झाली. प्रत्यक्षात ताडपत्रीखाली ओल कोंडून राहायची, सकाळपर्यंत गाडी वाफेच्या डब्यात. उघड्या छपरीखाली ठेवली असती तर बरी राहिली असती. आपल्या भागात आणखी एक प्रकार चालतो. गाडीच्या मागे युरियाची नाहीतर पोटॅशची बॅग बांधून शेतावर न्यायची. युरिया हवेतली ओल ओढतो आणि पोटॅश म्हणजे क्लोराईडचाच क्षार, मिठाचा सख्खा भाऊ. गोणी फाटकी असली तर ज्या गाडीवरून खत गेले तिला खारी हवा यवतमाळातच मिळाली म्हणायची. भाच्याच्या गाडीवरून खत कधी गेले नव्हते. पण कंपनीने तसे विचारलेही नाही. गाडी न पाहता कागद आला.

सायलेन्सरबद्दल कंपनी अगदीच खोटे बोलत नव्हती. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, वाफेच्या रूपात. लांब पल्ला असला की ती वाफ बाहेर जाते. चौकात जाऊन आले, गाडी बंद केली, असे केले की पाणी आतच थंड होऊन साचते आणि सायलेन्सर आतून सडतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे, २०२५ पासून देशभर तेच मिळते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे पुष्कळसे भाग या इंधनासाठी बनलेले नव्हते. अशी गाडी महिना महिना अर्ध्या टाकीने उभी ठेवू नये. पण भाच्याच्या टाकीत बॅटरी मारून पाहिले तर आतून पत्रा स्वच्छ होता. फोड बाहेरून, शिवणीच्या रंगाखाली. म्हणजे इंधनाकडे बोट दाखवायलाही जागा नव्हती.

आता कागदांकडे येतो, कारण लढाई तिथेच होते. पहिल्यांदा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली तेव्हा काउंटरवरच्या पोराने जॉब कार्डवर लिहिले, 'जनरल चेकअप, वॉशिंग'. भाच्याने गंज दाखवला. तो म्हणाला, "हो हो, पाहतो." घरी आल्यावर भाच्याने मला कार्ड दाखवले आणि मी कपाळावर हात मारला. त्या कार्डाप्रमाणे त्या दिवशी गंज नव्हताच! आम्ही परत गेलो. मी म्हटले, टाकीच्या शिवणीला फोड, चिमट्याच्या जोडावर गंज, दोन्ही शॉकअप नळ्यांवर खड्डे आणि डाव्या बाजूने गळती, असे लिहा आणि किलोमीटर लिहा. तो पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, "काका, असं लिहिलं तर वरून फोन येतो." मी म्हटले, येऊ दे. त्याने मॅनेजरला विचारले. मॅनेजर म्हणाले, आमच्या सिस्टिममध्ये तसा रकाना नाही. मग आम्ही साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहिला आणि एका प्रतीवर शिक्का मागितला. शिक्का द्यायला त्यांनी पाऊण तास लावला, पण दिला. पुढे सगळे प्रकरण त्या शिक्क्यावर उभे राहिले.

वॉरंटीची पुस्तिका घरी होती, प्लास्टिकच्या पिशवीत, पहिल्या दिवशी होती तशीच. वाचली कोणी? इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. अशा पुस्तिकांत बहुधा एक यादी असते, वॉरंटीत काय बसत नाही याची. रबर, बल्ब, ब्रेक पॅड, आणि मध्येच कुठेतरी क्रोम, रंग, गंज. यवतमाळला लहान अक्षरांचा अनुभव नवा नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही सांगितले गेले, की डब्यावर सूचना लिहिल्या होत्या, मास्क वापरला नाही. ज्याला वाचता येत नाही त्या भाषेत, भिंगाशिवाय दिसत नाहीत अशा अक्षरांत लिहिले, की विकणारा मोकळा. गाडीचा गंज आणि माणसाचा मरण्याचा प्रश्न एका तराजूत घालण्याचा माझा विचार नाही. पण वाक्य तेच आहे, तुम्ही नीट वापरले नाही.

कायदा काय म्हणतो ते आता थोडक्यात. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा गेला, २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आमच्यासारख्या लांबच्या जिल्ह्यांसाठी त्यातला मोठा फायदा असा, की आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पूर्वी विकणारा जिथला किंवा व्यवहार जिथे झाला तिथे जावे लागे. म्हणजे गाडी नागपूरची असली तरी नागपूरच्या चकरा नाहीत, तक्रार यवतमाळला. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. पुष्कळ लोक कंपनीच्या 'पाहतो, कळवतो'वर दोन वर्षे घालवतात आणि मग हात चोळत बसतात. तक्रारीआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करावी, कधी कधी तेवढ्यानेच काम होते. आमचे झाले नाही.

पण कायदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. भाच्याला पहिल्या रागात नवी गाडी हवी होती. मी त्याला मारुती उद्योगच्या खटल्याचा निकाल सांगितला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचे वचन असेल तर तेवढेच मागता येते, संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. त्यामुळे आम्ही मागणी कापली. शॉकअपच्या नळ्या, चिमटा, टाकी, रिम, सायलेन्सर, आणि त्रासाबद्दल भरपाई. उत्पादकाच्या दायित्वाचे नवे प्रकरण या कायद्यात आले म्हणून काही जण खूश असतात. ते नीट वाचावे. शॉकअप गळून पोरगा पडला, हात मोडला, तर ते प्रकरण लागते. वस्तू स्वतःच खराब झाली तर त्या नुकसानीला तिथे वगळले आहे. मग 'वस्तूतील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' याच जुन्या वाटेने जावे लागते. आणि पुस्तिकेतली ती एकतर्फी यादीच अन्यायकारक करार म्हणून रद्द करा, असे म्हणायचे असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. दोन लाखांच्या गाडीसाठी कोण जाईल? हे ठरवणाऱ्यांनी ठरवताना लाइनमनचा विचार केला नव्हता एवढे नक्की.

गोव्याचे एक प्रकरण मात्र प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावे. तिथल्या एका ग्राहकाने २०११ साली नवी चारचाकी म्हणून पैसे भरले. हातात आली ती २००९ सालची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, तिन्हींनी विक्रेता आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली. न्यायालय म्हणाले, कंपनी आणि विक्रेता यांचा व्यवहार स्वतंत्र धन्यांसारखा आहे, विक्रेत्याने काय केले हे कंपनीला माहीत होते असे दाखवणारे काही तक्रारीत नाही. विक्रेत्यावरची जबाबदारी राहिली. म्हणजे तक्रार लिहिताना 'दोघांनी मिळून फसवले' एवढे वाक्य पुरत नाही. वेल्डिंग आणि क्रोम हे कंपनीचे काम, ते कंपनीच्या नावे. जॉब कार्डवर खोटे लिहिणे, गाडी न पाहता अहवाल पाठवणे हे विक्रेत्याचे, ते विक्रेत्याच्या नावे. आम्ही असे दोन वेगळे भाग पाडले. लिहायला दोन रात्री लागल्या.

दुसरी अडचण पुराव्याची. गंज उत्पादनदोषाने आला की निगा न राखल्याने, हे आयोगाच्या सदस्यांनी डोळ्यांनी पाहून सांगायचे नसते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, कायद्यात तशी तरतूद आहे. तशी मागणी करणारा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा. तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून वाहनांच्या कितीतरी तक्रारी पडतात. या बाबतीत शेतकऱ्यांचे उपकार मानले पाहिजेत. २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याने सगळे बी पेरून टाकल्यावर तपासणीसाठी नमुना शिल्लक ठेवला नाही म्हणून त्याला परत पाठवता येणार नाही. गाडीवाल्याकडे तर नमुना दारात उभा असतो. त्याने एकच काळजी घ्यायची, निकालाआधी गंज घासून रंग मारायचा नाही. आमच्या भाच्याच्या मित्राने प्रेमाने पॉलिश पेपर आणला होता, तो मी काढून घेतला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तक्रार दाखल झाली. आयोगाची नोटीस पोचली आणि पाच महिने मुकी असलेली कंपनी बोलू लागली. नागपूरहून एक अधिकारी आले, पहिल्यांदाच गाडीखाली वाकून पाहिले, फोटो काढले. समुद्राचा विषय त्यांनीही काढला नाही. आठवड्याने पत्र आले, की कंपनी आपली चूक मान्य न करता, निव्वळ सद्भावनेपोटी शॉकअपच्या नळ्या, सील आणि चिमटा मोफत बदलून देईल. खाली एक ओळ होती, यानंतर ग्राहकाची कोणतीही तक्रार शिल्लक राहणार नाही. त्याखाली सहीची जागा.

त्या रात्री घरात भांडण झाले. बहीण म्हणाली, "सही करून दे न बाप्पा, फुकटात भेटून राह्यलं तर. कोर्टाच्या पायऱ्या आपल्याच्यानं होत नाई." तिचे चूक नव्हते. पोरगा रोज त्याच गाडीवर जात होता, गळक्या शॉकअपवर, तिला ते दिसत होते. भाचा म्हणाला, "सद्भावना कायची? माह्या पैशाचा भाग देऊन राह्यले अन् उपकार दाखवून राह्यले." त्याचेही चूक नव्हते. मी दोघांना एवढेच म्हटले, की जीव आधी. नळ्या आणि चिमटा घ्यायचे. सायलेन्सर सोडायचा, तिथे आपली बाजू पातळ आहे. रिमही सोडायचे, तिथे ताडपत्रीचा वाटा आहे. टाकी सोडायची नाही.

भाच्याने पत्रातल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली. बाजूला मराठीत लिहिले, 'नळ्या, सील व चिमटा यापुरती तक्रार मिटली. टाकीच्या शिवणीबाबत तक्रार क्रमांकाप्रमाणे आयोगापुढे चालू राहील,' खाली सही आणि तारीख. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरांनी कागद पाहून कंपनीला फोन लावला. अर्ध्या तासाने म्हणाले, ठीक आहे, गाडी सोडून जा. भाग बदलून मिळाले. जुन्या नळ्या भाच्याने मागून घेतल्या, त्या आता त्याच्या खाटेखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत. टाकी तपासणीला पाठवण्याचा अर्ज आयोगापुढे आहे. ताडपत्री बहिणीने धान्य वाळवायला काढून घेतली.